गोदाक्काचा हातगुण

सकाळी कुठल्यातरी घरातून तान्ह्या पोराचा टाहो सुरू व्हायचा आणि त्याच्यावर एका बाईचा खणखणीत आवाज चढायचा, "रड, रड! छाती रुंद होऊं दे!" एवढं ऐकलं की समजावं, गोदाक्का त्या घरी पायांवर पोर घेऊन बसली आहे. आधी आवाज, मग तिळाच्या कोमट तेलाचा वास, मग सांब्राणीचा, म्हणजे आपल्या उदाचा, धूर, आणि सगळ्यात शेवटी स्वतः गोदाक्का बाहेर यायची. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळावर घाम, आणि ते हात. काय हात होते! तळवे पाट्यासारखे रुंद, बोटं जाड, आणि कोपरापर्यंत तेलाने सदा चकचकीत. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या आमच्या रस्त्यावर जन्मलेलं एकही मूल त्या हातांतून सुटलं नव्हतं. तिला स्वतःला मूल झालं नाही. पण कुणी हळहळायला लागलं की ती म्हणायची, "रस्त्यावरचीं असकीं माझींच तर आहेत. अजून किती हवीं?"

असकीं म्हणजे सगळी. मी मूळची पुण्याची. स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील, तेव्हा वडलांनी "लांबचं असलं तरी मराठी घर आहे" म्हणून मला थेट कुंभकोणमला देऊन टाकली. मराठी घर होतं खरं, पण ती मराठी! शेदोनशे वर्षांपूर्वी तंजावरकडे आलेली माणसं, येताना जी बोली आणली ती तशीच जपून ठेवलेली, आणि मधेमधे तमिळ पेरलेलं. पहिले काही दिवस सासूबाई काय सांगताहेत ते मला निम्मंच कळायचं. आणि त्यांना माझं बोलणं भांडल्यासारखं वाटायचं.

गोदाक्का समोरच्याच घरात राहायची. मला कधी नावाने हाक मारली नाही तिने. "काय गे पुणेकरीण, हळू बोल. तुझें ऐकून माझी गाय बुजते," असं भर रस्त्यात म्हणायची. मला राग यायचा आणि हसूही यायचं. तिच्यापुढे कुणाचंच काही चालत नसे. एकदा रस्त्यातले एक मोठे वकील नगरपालिकेच्या नळावरून ओट्यावर उभे राहून तावातावाने बोलत होते. गोदाक्का समोरून म्हणाली, "उगा राहा रे. तुझें बूड मी धुतलेंय." वकीलसाहेब पंचा सावरून आत गेले ते दुसऱ्या दिवशीच बाहेर आले.

तिचं न्हाऊ घालणं मी एकदा जवळून पाहिलं. पाय पसरून पाटावर बसायची, नडग्यांच्या खाचेत मूल उताणं निजवायची. अंगभर तेल, टाळूवर तेल, कानांत तेल, आणि दोन थेंब नाकात. मग नाकावर फुंकर मारायची, जोरात, की पोर शिंकायचंच. त्यानंतर मुगाचं पीठ, हंड्यातलं कढत पाणी, आणि ओल्या अंगाला गुंडाळून सांब्राणीची धुरी. मूल लालबुंद होऊन आधी आकांत करायचं आणि मग जे झोपायचं ते पार दुपारपर्यंत. न्हाणं झालं की चांदीच्या पालाडैने दूध. आपल्याकडे ज्याला बोंडलं म्हणतात तेच ते, पुढे चोच असलेलं. तिची पालाडै तिच्या आईची होती. "हातगुण लागतो," सासूबाई म्हणायच्या, "आणि तो गोदाक्काला देवानें दिला."

तो कसा हिरावला गेला ते सांगते.

माझ्या लग्नानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. तिकडे पाऊस दिवाळीच्या सुमाराला येतो आणि आला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. कोपऱ्यावरच्या रंगाबाईंच्या घरी नातू झाला होता. नवसाचा, फार वर्षांनी झालेला. गोदाक्का रोज छत्री घेऊन जायची. तीन आठवड्यांचं झालं नसेल, मूल खोकायला लागलं. मग ताप, मग ओठ निळे. डॉक्टरांनी छाती तपासली आणि फुप्फुसं भरली आहेत एवढंच सांगितलं. त्याच संध्याकाळी ते गेलं.

रंगाबाई ओट्यावर बसून होत्या. रडत नव्हत्या. येईल त्याला एकच सांगत होत्या, "तिनें नाकांत तेल घातलें. तिच्या हातानें गेला."

कुणी गोदाक्काशी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, तिने चार शब्द ऐकवले असते. लोकांनी फक्त तिला बोलावणं सोडून दिलं. शेजारच्या घरी मुलगी झाली, तर तिच्यासाठी देवळापलीकडून कुणी दुसरीच बाई येऊ लागली. आणि गोदाक्का? रोज पहाटे उठून परसात हंडा तापवायची. धूर आमच्या घरात यायचा. पदर खोचून ओट्यावर बसायची आणि कुणी हाक मारील म्हणून वाट बघायची. पाणी निवून जायचं. मग तेच पाणी ती केळीच्या बुंध्यात ओतायची. मला ते बघवत नसे. मी खिडकी लावून घ्यायची.

तिचे यजमान वेंकोबराव हे फार मवाळ गृहस्थ. मरुदानल्लूरला भजनाला जायचे, गोविंदपुरमला अधिष्ठानाच्या, म्हणजे स्वामींच्या समाधीच्या, दर्शनाला जायचे, आणि उरलेल्या वेळात बायकोचं ऐकायचे. त्यांनी एकदा चाचरत म्हटलं, "गोदा, हंडा कशाला तापवतेस?" ती म्हणाली, "बोलावलें तर पाणी थंड नको."

पोंगल होऊन गेलं, नदीपलीकडे ऊसतोड सुरू झाली. मला तेव्हा दिवस गेलेले होते, नुकतंच दिसू लागलं होतं. आमच्याकडे पालेभाजी घेऊन येणारी सेल्लम्मा एक दिवस ओट्यावर टोपली उतरवून तमिळमध्ये म्हणाली, "बघा, भाजीखाली काय आहे." भाजी बाजूला केली तर सशाची पिल्लं! रानसशाची, मुठीत मावतील एवढी, डोळे उघडे, अंगावर मऊ लव. चार होती. उसाच्या फडाकडेच्या गवतात सापडली म्हणाली; त्यांच्या आईला कुत्र्यांनी सेल्लम्माच्या डोळ्यांदेखत फाडलं होतं.

"काय करणार यांचं?" मी विचारलं.

"काय करणार? एवढ्यांचं तर कालवणही होत नाही," सेल्लम्मा म्हणाली.

समोरच्या ओट्यावरून गोदाक्का कधी उठून आली कळलंच नाही. टोपलीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "दे इकडे."

सासूबाई दारातून ओरडल्या, "अक्का, शुद्धीवर आहांत कीं नाही? माध्वांच्या घरांत मुयलांचीं पोरें? सोवळें कुठें ठेवाल?" मुयल म्हणजे ससा.

"सोवळें घरांत ठेवीन, लेंकरें परसांत ठेवीन," गोदाक्का म्हणाली आणि चौघांना पदरात घेऊन चालू लागली.

दुपारी मी तिच्या परसात गेले. न्हाणीच्या बाहेर जुन्या धाबळीच्या घडीत पिल्लं ठेवली होती. एक आधीच मेलेलं होतं. "तें टोपलींतच गेलें," गोदाक्का म्हणाली, "तें माझ्या हिशेबांत धरूं नको." मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, आणि इतक्या हळू बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, "पाहा गे. हीं जगलीं, तर माझ्या हातांत विख नाही हें असक्यांना कळेल. मलाही कळेल."

मी मान हलवली. मनात म्हटलं, देवा, जगू दे बाबा यांना.

तिला जे येत होतं ते सगळं तिने केलं. शेळीचं दूध मिळवलं, पातळ करून कोमट केलं. पाटावर बसली, पाय पसरले, नडग्यांच्या खाचेत पिल्लू उताणं निजवलं आणि पालाडैची चोच त्याच्या तोंडाला लावली. तान्ह्या मुलाला पाजतात अगदी तस्सं. पिल्लू चार पाय हवेत झाडत होतं. दोन घोट गेले, तिसऱ्याला नाकातून दुधाचा फेस आला. गोदाक्काने सवयीने नाकावर फुंकर मारली. मुलं शिंकायची, हे शिंकलं नाही. एकदा अंग ताणलं आणि तिच्या तळहातावर ढिलं पडलं. ती तशीच फुंकर मारत राहिली. "शिंक गे बाई, शिंक," म्हणत होती. मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा कुठे थांबली.

दुसऱ्यांदा तिने दूध बोटावरून चाटवलं. ते जमलं. दोन्ही पिल्लं चाटायची. चारपाच दिवस सगळं बरं चाललं होतं. मी रोज एक चक्कर मारायची. सासूबाई नाक मुरडत पण विचारायच्या, "आहेत का अजून?" सगळा रस्ताच विचारत होता खरं म्हणजे, फक्त तोंडाने नाही. पाण्याला जाताना बायका गोदाक्काच्या दाराशी जरा रेंगाळायच्या. रंगाबाईसुद्धा एकदा थांबलेल्या मी पाहिल्या. गोदाक्काचा आवाजही परत येऊ लागला होता. एका सकाळी मला म्हणाली, "पुणेकरीण, पोट पसरट दिसतेंय तुझें, मुलगी आहे." मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

मग एका पिल्लाला हगवण लागली. मागचं अंग सगळं बरबटलं. अशा वेळी लेकराला काय करतात? न्हाऊ घालतात. तिने न्हाऊ घातलं. तेल लावलं, मुगाचं पीठ लावलं, पायांवर घेऊन कढत पाण्याची धार धरली.

आणि ते ओरडलं.

ससा ओरडतो हे मला तोवर माहीत नव्हतं. गप्प जात, आवाज नाही काही नाही, असंच वाटायचं. पण ते ओरडलं, आणि हुबेहूब तान्ह्या पोरासारखं. आणि गोदाक्का, हात न थांबवता, इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाली, "रड, रड, छाती रुंद होऊं दे."

ते शब्द तोंडातून गेले आणि तिचं तिलाच ऐकू आलं. घाईने तिने त्याला फडक्यात गुंडाळलं, बुट्टीखाली सांब्राणी धरली, उराशी धरलं, पदरात घेतलं. पिल्लू थरथरत राहिलं. लव अंगाला चिकटून ते अर्ध्याएवढंच दिसत होतं. दुपारची जेवणं व्हायच्या आत गेलं.

वेंकोबरावांनी कढीलिंबाखाली खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर हात झटकत म्हणाले, "गोदा, पुरे आतां."

"एक आहे अजून."

"त्याला तरी सोड."

जन्मात बायकोला कधी उलट बोलले नव्हते ते. गोदाक्का उठली. विहिरीवर गेली, चिंच आणि राख घेतली आणि तांब्याची भांडी घासावीत तसे स्वतःचे हात घासू लागली. मी किती वेळा म्हटलं, "अक्का, बस्स करा, सोलवटतील." तिला ऐकूच येत नव्हतं. मला रडू फुटलं आणि मी घरी आले.

त्यानंतर तिने उरलेल्या पिल्लाला हात लावला नाही. परसाच्या कोपऱ्यात, दूर्वा माजल्या होत्या तिथे त्याला मोकळं सोडलं होतं. मरायचं तर मरू दे, पण माझ्या हातात नको, असंच तिच्या मनात असावं. पण दूध बंद करणं तिच्याने झालं नाही. दिवेलागणीला दोन विटांच्या बेचक्यात ती पालाडै ठेवायची, त्यात कापडाची वात भिजत घालायची आणि मागे फिरून पायरीवर येऊन बसायची. हात पदराखाली.

पिल्लू गवतातून निघायचं. थांबायचं, कान फिरवायचं, पुढे यायचं. स्वतःच्या चार पायांवर उभं राहून ती वात चोखायचं आणि परत गवतात दिसेनासं व्हायचं. दिवसातून तेवढंच एकदा. बाकी दिवसभर ते कुठे आहे याचा पत्ता नसायचा.

आणि ते जगलं! हळूहळू दूर्वा कुरतडू लागलं. कान लांबले, मागच्या पायांत जोर आला, एका उडीत गोठ्यापासून केळीपर्यंत जाऊ लागलं. मी वेडी, आनंदाने तिला म्हटलं, "अक्का, जगला की हो! बघा, तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाली, "जगला." आणि पायरीवरून उठून आत गेली. मला वाटलं, बाई दमली असेल.

फाल्गुन उलटला तेव्हा एका संध्याकाळी पालाडैतलं दूध तसंच राहिलं. मोरीच्या भोकातून ससा बाहेर गेला असणार. तिथून नदी चार पावलांवर, आणि कावेरी तेव्हा कोरडी पडलेली, नुसती वाळू आणि काठाला लव्हाळे. गेला असेल पलीकडच्या उसात. कुत्रीही भरपूर होती तिकडे. गोदाक्का शोधायला गेली नाही. तिने पालाडै घासली, पुसली आणि पेटीत ठेवली.

रस्त्यावर मात्र बातमी झाली. गोदाक्काचा ससा वाढला, उड्या मारत गेला, म्हणजे हातगुण शाबूत आहे. लोक असेच! सासूबाईंनी तर ठरवूनच टाकलं. माझी आई आधीच वारलेली, त्यामुळे माझं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. मला मुलगी झाली, गोदाक्काने सांगितली होती तशीच. सासूबाई हळदकुंकवाची कोयरी आणि पानसुपारी घेऊन समोर गेल्या. मी खाटेवर पडून खिडकीतून सगळं ऐकत होते.

"अक्का, चला. उद्यांपासून नात तुमच्या पायांवर."

"मी येत नाही."

"राग धरूं नका. रंगाबाईसुद्धां म्हणाल्या, गोदाक्कालाच बोलवा."

"राग नाही हो, वहिनी." आणि मग गोदाक्का शांतपणे म्हणाली, "जें मी पाजलें तें गेलें. जें न्हाऊ घातलें तें गेलें. जगलें तें मी हात न लावलेलें. आतां तुम्हीच सांगा, रंगाबाईंच्या नातवाचें काय झालें असेल?"

सासूबाई कोयरी तशीच घेऊन परत आल्या. तो प्रश्न मला अजून सोडत नाही. माझ्या नातवंडांच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, नाकात तेलाचा थेंबही घालायचा नाही. ते ऐकून मला रंगाबाईंचा ओटा आठवला. पण मग त्या रस्त्यावरची बाकीची सगळी धडधाकट पोरं, ते वकीलसाहेब, माझे यजमान, तीही त्याच हातांतून, त्याच तेलातून गेली होती. पाऊस होता, थंडी होती, मूल नाजूक होतं. काय खरं, कोण सांगणार? गोदाक्काला मात्र सशाने सांगून टाकलं होतं, आणि ते ती कुणालाही खोडू देणार नव्हती.

माझ्या मुलीला देवळापलीकडच्या बाईनेच न्हाऊ घातलं. मुलगी रडायला लागली की समोरचं दार लागायचं. हंड्याचा धूर आता येत नसे. "पुणेकरीण" ही हाकही बंद झाली. वेंकोबराव एकदा ह्यांच्याजवळ म्हणाले, "देवाच्या नैवेद्याचें पानसुद्धां ती आतां मलाच वाढायला लावते."

मुलगी पाच महिन्यांची असताना ह्यांची बदली झाली. निघायच्या दिवशी घोड्याची गाडी दाराशी लागली, सामान चढवलं, सगळा रस्ता निरोपाला आला. गोदाक्काही आली. किती वाळली होती ती! हात कोरडे, पांढरट, तेलाचा मागमूस नाही. मी मुलीला तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "अक्का, एकदाच घ्या हो. मी सांगते म्हणून घ्या."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. मुलगी तिच्याकडे बघून हसली, तिच्या नथीकडे झेपावली. गोदाक्का हात मागेच ठेवून वाकली, नाक मुलीच्या टाळूवर टेकवलं आणि खोल श्वास घेतला. "टाळू भरलीय छान," म्हणाली. तेवढंच.

गाडी निघाली. सगळे हात हलवत होते, सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या, रंगाबाईंनीसुद्धा हात वर केला होता. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत मागे बघत होते. गोदाक्का रस्त्याच्या मधोमध उभी होती, आणि निरोपालाही तिने हात पुढे आणले नाहीत.